रेकॉर्डिंग चालू असताना संगणक मध्येच रीस्टार्ट होतो: कारण कसं शोधायचं

रेकॉर्डिंग करताना आवाजात टकटक येणं, सूर तुटणं, सॉफ्टवेअर गोठणं हा एक आजार आहे. चालू टेकमध्ये अख्खा संगणकच बंद पडून परत सुरू होणं हा दुसरा. सल्ला मात्र दोन्हींवर एकच मिळतो, 'बफर वाढवा'. पहिल्या आजारावर तो लागू पडतो. बफर म्हणजे आवाज प्रोसेसरकडे जाण्याआधी क्षणभर साठवायची जागा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरचं काम उरकलं नाही तर आवाज तुटतो, आणि त्रास तिथेच संपतो. त्यामुळे मशीन रीस्टार्ट होत नाही.

'डिस्क कमी पडते' हा दुसरा लाडका संशय. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो. सोळा ट्रॅक एकदम घेतले तरी सव्वादोन मेगाबाइटच्या आसपास. जुनीपानी हार्ड डिस्कसुद्धा हे झोपेत करेल. तेव्हा बफर आणि डिस्क बाजूला ठेवा.

संगणक आपोआप रीस्टार्ट होतो तो तीनपैकी एका कारणाने. कुणीतरी त्याला तसा हुकूम दिला, बहुतेक वेळा अपडेटने. किंवा विंडोजच्या गाभ्यात अशी चूक झाली की त्याने स्वतःच काम थांबवलं, म्हणजे निळा पडदा. किंवा त्याच्या पायाखालची वीज क्षणभर सरकली. तिन्हींचे उपाय इतके वेगळे आहेत की प्रकार ओळखल्याशिवाय काहीही बदलण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरचा दोष असताना नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बसवून काही होणार नाही, आणि एसएमपीएस दमलेला असताना विंडोज नव्याने टाकण्यात रविवार फुकट जाईल.

आधी नोंद वाचा

संगणक परत सुरू झाला की रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडण्याआधी अर्धवट राहिलेली ऑडिओ फाइल शोधा आणि ती शेवटची कधी बदलली गेली ती वेळ टिपून ठेवा. गोष्ट कधी घडली याचा हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये जा, उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबा आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत ४१, १००१, १०७४, ६००८ हे आकडे स्वल्पविराम देऊन भरा. हजारो ओळींतून आता मोजक्याच उरतील.

१०७४ दिसला तर रीस्टार्टचा हुकूम कुठल्या प्रोग्रॅमने दिला ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. प्रश्न तिथेच सुटला. ६००८ एवढंच सांगतो की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता, आणि ते किती वाजता झालं. १००१ मध्ये स्रोताच्या जागी बगचेक असं लिहिलेलं असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे, तुम्हाला दिसला असो वा नसो.

४१ हा क्रमांक सगळ्यात बदनाम. कर्नल-पॉवर हे नाव वाचून लोक थेट एसएमपीएस बदलायला निघतात. पण ही ओळ संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी नीट निरोप न घेता गेलो' इतकाच. खरी माहिती तिच्या आत आहे. ओळीवर दोनदा क्लिक करा, डिटेल्सच्या टॅबवर जा, बगचेक-कोड शोधा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काय झालं ते कळलंच नाही: वीज गेली, हार्डवेअरने रीसेट मारला, किंवा क्वचित सिस्टमची डिस्कच गायब झाल्यामुळे काही लिहिता आलं नाही. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड आहे. तो इथे दशमान पद्धतीत दिसतो, निळ्या पडद्यावर आणि १००१ च्या ओळीत षोडशमान पद्धतीत. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. तिथलाच पॉवर-बटन-टाइमस्टँप शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हेही बघून घ्यावं.

फिल्टर काढून एकदा डब्ल्यू-एच-ई-ए-लॉगर या नावाच्या नोंदी शोधा. त्या थेट हार्डवेअरच्या तक्रारी असतात. १८ ही प्रोसेसर किंवा मेमरीकडून आलेली जीवघेणी चूक. १७ आणि १९ या दुरुस्त झालेल्या चुका, पण रोज डझनाने येत असतील तर दुर्लक्ष करू नये.

शेवटी एक सेटिंग बदलून ठेवा. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरीचं सेटिंग्ज बटण, आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची खूण काढा. खालच्या यादीत 'स्मॉल मेमरी डंप' निवडा. यापुढे निळा पडदा आला तर तो पडद्यावर थांबून राहील. खूण काढूनही संगणक तसाच झटक्यात रीस्टार्ट झाला, तर मामला बहुधा विजेचा किंवा हार्डवेअरचा आहे. या एका खुणेने निम्मं निदान होतं.

हुकमाने झालेला रीस्टार्ट

हा सगळ्यात सोपा. विंडोज अपडेटमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात. ते जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, आणि त्या वेळात विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. रात्री दोनला गाणाऱ्यांनी ते हाताने बदलावेत, नाहीतर विंडोज तुमच्या दिवसाच्या वापरावरून वेळ ठरवून मोकळं होतं. मोठ्या सत्राच्या आठवड्यात अपडेट 'पॉज' करा आणि सत्र संपलं की लगेच करून घ्या.

अपडेटनंतर 'शट डाउन' करून परत चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं एकच नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते. ड्रायव्हरचं बिनसलेलं असेल तर तेही तसंच परत येतं. रेकॉर्डिंगच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप बंदच बरा.

निळा पडदा

४१ मधल्या काही आकड्यांची ओळख असावी. ३०७ म्हणजे डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन: एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर इतका वेळ अडवून धरला की विंडोजचा धीर सुटला. २०९ म्हणजे ड्रायव्हरने चुकीच्या वेळी चुकीच्या पत्त्यावर हात घातला. १५९ म्हणजे झोपायच्या किंवा जागं व्हायच्या वेळी ड्रायव्हरने उत्तरच दिलं नाही. २६ मेमरी व्यवस्थापनाचा. २९२ हार्डवेअरचा, आणि तो आला तर या भागात वेळ घालवू नका, खाली विजेच्या आणि उष्णतेच्या भागात जा.

रेकॉर्डिंग करतानाच होतं आणि एरवी दिवसभर काही नाही, असं असेल तर पहिला संशय ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या, ड्रायव्हरवर. प्लगइनवर नाही. प्लगइन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला मारू शकतं, पण ते विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर मात्र तिथेच राहतो. अपवाद डोंगलच्या किंवा कॉपी-संरक्षणाच्या ड्रायव्हरचा. काही प्लगइन सोबत तो आणतात आणि तो गाभ्यात बसतो.

ड्रायव्हर नव्याने टाकायचा तर क्रम पाळा. इंटरफेसची केबल काढा. जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. रीस्टार्ट करा. नवा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून टाका, आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल लावा, तीही थेट मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये. हबमध्ये नाही, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्येही नाही. पुढचे पोर्ट आत एका लांब वायरने जोडलेले असतात आणि तिथे संपर्क सैल होण्याचं प्रमाण जास्त. आधीच्या दोन-तीन इंटरफेसचे ड्रायव्हर अजून मशीनवर पडून असतात, तेही काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूतून 'शो हिडन डिव्हायसेस' केलं की ही भुतं फिकट अक्षरांत दिसतात.

यानंतर यूएसबीची बचत बंद करा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्याची खूण काढा. १५९ चा कोड वारंवार येत असेल तर बहुतेकदा इथेच थांबतो.

३०७ साठी लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून बघा. कोणत्या ड्रायव्हरने सगळ्यात जास्त वेळ अडवून धरला ते तो नावानिशी सांगतो. वायफाय आणि ग्राफिक्स हे नेहमीचे संशयित. वायफाय बंद करून पुन्हा मोजा. आकडा दणकन खाली आला तर उत्तर मिळालं. लेटन्सीमॉनचा लाल निकाल हा आवाज तुटण्याचा इशारा आहे, रीस्टार्टचा पुरावा नव्हे. तो संशयिताचं नाव देतो, निकाल देत नाही.

विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप या फोल्डरात प्रत्येक निळ्या पडद्याची एक छोटी फाइल साठते. ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये ती उघडली की कोसळण्याच्या क्षणी कोणते ड्रायव्हर हजर होते ते दिसतं. एनटीओएस-कर्नल हे नाव दिसलं तर तो विंडोजचा गाभा आहे; तिथे प्रेत सापडलं, खुनी दुसरा. तीन-चार डंपमध्ये तेच दुसरं नाव पुन्हापुन्हा येत असेल तर त्याला धरा.

आणि दर वेळी कोडही वेगळा, ड्रायव्हरही वेगळा असेल तर? मग ड्रायव्हर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आणि रॅम दोषी. वाद्यांच्या मोठ्या सॅम्पल लायब्रऱ्या वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं. ईमेल-ब्राउझिंगला रॅमचा जो कोपरा कधी लागत नाही तो पियानोची वीस जीबीची लायब्ररी भरताना लागतो, आणि खराब पेशी नेमकी तिथे असते. आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करा. ते मेमरीला तिच्या मूळ गतीपेक्षा जास्त पळवतं आणि ते प्रत्येक बोर्डाला झेपेलच असं नाही. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. रात्रभर लावून सगळ्या पूर्ण करा. एक चूक दिसली तरी ती एकच पुरे. रॅमच्या काड्या एकेक लावून कोणती खराब ते शोधा.

वीज सरकते तेव्हा

बगचेक-कोड शून्य, निळा पडदा नाही, डंप नाही. पडदा काळा झाला आणि दोन सेकंदांत बोर्डाचा लोगो आला. इथे घरगुती रेकॉर्डिंगच्या खास सवयी आड येतात, म्हणून जरा सावकाश.

बंद पडून बंदच राहिला की लगेच परत चालू झाला, हे आधी लक्षात घ्या. प्रोसेसर अति तापला तर तो वीज तोडतो आणि मशीन बहुधा बंदच राहतं. एसएमपीएसवर भार मर्यादेबाहेर गेला तरी तो सहसा स्वतःला बंद करून घेतो, आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. याउलट क्षणभराची घसरण झाली तर एसएमपीएस बोर्डाला 'वीज ठीक आहे' हा जो इशारा सतत देत असतो तो पळभर तुटतो, बोर्ड रीसेट होतो आणि लगेच परत सुरू होतो. झटपट रीस्टार्ट दिसला तर संशय या घसरणीवर.

एसएमपीएस भिंतीतली वीज गेल्यावर भरल्या भाराला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एका आवर्तनाएवढी वीज हुकली तरी भरल्या भाराखालचा संगणक खाली बसू शकतो, आणि दिवा फार तर डोळा मिचकावतो. त्यातच एसएमपीएस सात-आठ वर्षांचा असेल, आतले कपॅसिटर सुकले असतील, तर त्याचा तग आणखी कमी. म्हणून 'लाईट तर गेली नव्हती' ही साक्ष इथे चालत नाही.

घसरण कोण घडवतं? एक्स्टेंशन बोर्ड बघा. संगणक, मॉनिटर स्पीकर, गिटारचा ॲम्प, लेझर प्रिंटर, हीटर असं सगळं एकाच बोर्डावर लटकलेलं असतं. लेझर प्रिंटर स्वतःहून फ्यूझर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम रोलर) तापवतो किंवा फ्रिजचा कंप्रेसर उचल घेतो तेव्हा क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो. संगणक थेट भिंतीच्या सॉकेटवर, शक्यतो वेगळ्या सर्किटवर लावून दोन दिवस बघा. सॉकेटमध्ये प्लग हलवून चटचट आवाज किंवा ठिणगी येत असेल तर तेच कारण. दुरुस्ती वायरमनची.

एसएमपीएसचा व्होल्टेज मोजायचा असेल तर जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळ्या दोन जमिनीच्या. मल्टिमीटरवर १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ यायला हवं. भार देऊन मोजा, रिकाम्या मशीनवर सगळे एसएमपीएस गुणी दिसतात. आकडा हद्दीबाहेर असेल तर निकाल लागला. हद्दीत असेल तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण मिलिसेकंदांची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही. तिथे खात्रीची चाचणी एकच: ओळखीतला चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो.

उलटाही प्रकार आहे, आणि तो फसवतो. भार असताना मशीन ठणठणीत, आणि गायक दोन ओळींच्या मध्ये श्वास घेत असताना, म्हणजे संगणक जवळजवळ रिकामा असताना, रीस्टार्ट. आधुनिक प्रोसेसर रिकामे असताना इतका कमी प्रवाह घेतात की काही जुन्या एसएमपीएसना तो सांभाळता येत नाही. एएमडी रायझनच्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये यासाठी 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे सेटिंग असतं. ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवून बघा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची गोष्ट वेगळी: जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही हळूहळू अस्थिर होतात हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस ताजा करणं हे पहिलं काम. मात्र अपडेट पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही.

यूपीएस घ्यावा का? घ्यावा. पण त्याला दोष लपवायला वापरू नका. सर्वसाधारण यूपीएस बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद घेतो, म्हणजे धडधाकट एसएमपीएसला ते जाणवत नाही आणि दमलेल्याला जाणवतं. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना पायऱ्यापायऱ्यांची नकली साइन वेव्ह चालत नाही. लाईट गेल्यावर यूपीएस असूनही संगणक बंद पडतो तो अशाने; तिथे शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागेल. यूपीएसवर संगणक, इंटरफेस, बाहेरची डिस्क. ॲम्प आणि प्रिंटर नको.

शांततेसाठी केलेले उपाय

पंख्याचा आवाज माईकमध्ये येऊ नये म्हणून संगणक कपाटात सरकवणं, त्यावर रजई टाकणं, बायोसमध्ये पंखे 'सायलेंट' वर ठेवणं. पहिले दोन टेक छान होतात आणि चाळीस मिनिटांनी मशीन पडतं. कारण शोधायला लांब जायला नको.

एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडून सेन्सरच्या खिडकीतलं लॉगिंग चालू करा. दर दोन सेकंदांनी सगळ्या तापमानांची एक ओळ फाइलमध्ये पडत राहते. मशीन पडल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. प्रोसेसर ६० अंशांवर शांत असताना पडला तर प्रोसेसर सुटला. तापमान चढत चढत ९५-१०० अंशांपर्यंत गेलं असेल तर साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट. आणि फक्त प्रोसेसरचाच रकाना बघू नका. बोर्डावरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं तापमान, एनव्हीएमई डिस्कचं तापमान हेही बघा. वारा अडवल्यावर आधी तेच भाग तापतात, आणि एसएमपीएसच्या आतलं तापमान तर बहुधा इथे दिसतच नाही.

आवाज टाळायचा असेल तर संगणक दूर न्या, कोंडू नका. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते. भिंतीपलीकडच्या खोलीत मशीन आणि इकडे इंटरफेस, असं पाच मीटरमध्ये बहुधा जमतं. नाहीतर माईकची एक्सएलआर केबल लांब घ्या, ती पन्नास मीटर गेली तरी कुरकुर करत नाही.

फँटम पॉवर दाबली आणि गेला

फँटम पॉवर म्हणजे माईकला केबलमधूनच दिलेली वीज. तिचं ४८ व्होल्टचं बटण दाबताच मशीन पडतं, ही तक्रार ऐकायला जादूटोण्यासारखी वाटते. हिशोब करू. फँटम पॉवरच्या मानकानुसार एक माईक जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घेऊ शकतो, म्हणजे ०.४८ वॅट. दोन माईक जवळजवळ १ वॅट, वर ५ व्होल्टचे ४८ करण्यातला तोटा. यूएसबी २ च्या पोर्टकडून मिळतात ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट, आणि त्यातच इंटरफेसचं स्वतःचं काम आणि हेडफोनही चालायचा. केबलमध्ये शॉर्ट असला तरी प्रत्येक पिनेच्या वाटेत ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे प्रवाह १४ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. एवढ्याने संगणकाची वीज जाणार नाही.

मग होतं काय? वीज न घेतलेल्या हबवर किंवा लांब, बारीक केबलवर इंटरफेसला ५ व्होल्ट पुरे पडत नाहीत. तो क्षणभर गळतो आणि परत जोडला जातो. टेक चालू असताना पायाखालून उपकरण निघून गेल्यावर कच्चा ड्रायव्हर कोलमडतो आणि विंडोजला सोबत नेतो. म्हणजे दिसतं विजेचं, नोंदीत असतो निळा पडदा. उपाय: स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा इंटरफेसचा अडॅप्टर, छोटी जाड केबल, आणि बटण रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी दाबणं.

माईक स्टँडला किंवा इंटरफेसच्या पत्र्याला हात लावताच रीस्टार्ट होत असेल तर ती स्थिर वीज. कोरडी हवा, गालिचा आणि अर्थिंग नसलेलं सॉकेट, तिन्ही एकत्र आले की हे घडतं. अर्थिंग तपासून घ्या. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रेकॉर्डिंग थांबवून आधी तेच.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात: बॅटरी काढता येत असेल तर काढून, नाहीतर अडॅप्टर काढून फक्त बॅटरीवर, अशी दोन्हीकडून चाचणी घ्या. फुगलेली किंवा थकलेली बॅटरी अचानक वाढलेला भार पेलत नाही आणि ४०-५० टक्के दाखवत असतानाच मशीन पडतं. अडॅप्टर मूळ वॅटचाच हवा. मॅकवर 'समस्येमुळे संगणक रीस्टार्ट झाला' असा निरोप आला तर तो कर्नल पॅनिक. कन्सोल ॲपमधल्या अहवालांत त्याची फाइल मिळते. त्यात ॲपलचं नाव नसलेलं एक्स्टेंशन शोधा, तो बहुधा इंटरफेसचा जुना ड्रायव्हर निघतो.

तरीही प्रकार ठरत नसेल

गाणं बाजूला ठेवून खोटं सत्र लावा. नेहमीपेक्षा दीडपट वेळ, रिकामा ट्रॅक रेकॉर्डला. पहिल्या दिवशी इंटरफेस काढून, संगणकाच्या अंगच्या साउंडवर. दुसऱ्या दिवशी इंटरफेस लावून, फँटम बंद. तिसऱ्या दिवशी फँटम चालू. चौथ्या दिवशी नेहमीची सगळी प्लगइन आणि लायब्ररी. एका वेळी एकच बदल. ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी वाढवलेली वस्तू तुमची. पहिल्याच दिवशी पडला तर संगीताचा काही संबंध नाही. मग कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलची रीसेट स्विचची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून उपसून ठेवा. अडकलेला रीसेट स्विच हा तद्दन फालतू दोष आहे, म्हणूनच तो शेवटी आठवतो.

अर्धवट टेक वाचवणं

रेकॉर्ड झालेला आवाज बहुधा डिस्कवर असतो, शेवटचे काही सेकंद सोडून. फाइल उघडत नाही कारण वेव्ह फाइलच्या डोक्यात लांबीचा आकडा असतो आणि तो बरेचदा 'स्टॉप' दाबल्यावरच नीट भरला जातो. आधी फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. आकार बघा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनोला मिनिटाला ८.६४ मेगाबाइट. २६ मेगाबाइटची फाइल असेल तर तीन मिनिटांचा आवाज आत आहे, प्लेअर शून्य सेकंद म्हणाला तरी.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जाऊन साइन्ड २४-बिट पीसीएम, लिटल-एंडियन, एक चॅनल, ४८०००, आणि सुरुवातीचा ऑफसेट ४४ बाइट द्या. नुसता खरखराट ऐकू आला तर घाबरू नका. २४ बिटांचा एक नमुना ३ बाइटचा असतो आणि वाचन एका बाइटने जरी सरकलं तरी सगळ्याचा खरखराट होतो. ऑफसेट ४५ करा, मग ४६. तिघांपैकी एकावर आवाज उमटतो, सुरुवातीला छोटासा टक असतो तो कापून टाका. सूर चढा किंवा उतरता वाटला तर सॅम्पल रेट चुकला आहे, ४४१०० देऊन बघा.

रेकॉर्डिंग थेट ऑडॅसिटीतच चालू होतं तर प्रोजेक्टच्या एयूपी३ फाइलशेजारी डब्ल्यूएएल शेपटीची एक फाइल दिसेल. ती कचरा समजून उडवू नका, न साठवलेला भाग तिच्यातच असतो. प्रोग्रॅम पुन्हा उघडला की तो स्वतः विचारतो. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑटो-सेव्ह 'रेकॉर्डिंग चालू नसताना' ऐवजी 'कधीही' वर करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी निदान ट्रॅकची मांडणी तरी हाती राहील.